ठिपके किती, ओळी किती?

ठिपक्यांवरून माणसे एकमेकांशी भांडू लागली ती मोबाईल कंपन्यांमुळे, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो साफ चुकीचा आहे. आमच्या राजापेठेत मार्गशीर्षातल्या कुठल्याही गुरुवारी सकाळी सहाला फाटकाबाहेर डोके काढून पाहावे. अंगणाअंगणात सडे पडलेले असतात आणि या फाटकातून त्या फाटकात एकच प्रश्न जात असतो, ‘‘किती ठिपक्याची काढली वं?’’ पलीकडून उत्तर येते, ‘‘एकवीस ते अकरा!’’ हे उत्तर ज्या आवाजात येते, तो आवाज रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनाही व्याजदर जाहीर करताना लावता येत नसेल. पंधरा ते आठवाली बाई मग गपचूप आपल्या रांगोळीत हळद-कुंकू टाकते आणि दार लावून घेते.

आता गंमत अशी, की रस्त्याने दूध घेऊन जाणारा माणूस थांबतो तो या दोघींच्याही दारात नाही. तो थांबतो कोपऱ्यावरच्या आजीबाईंच्या दारात. त्यांनी सात ठिपके मांडून एक कमळ काढलेले असते. एकवीस ठिपकेवाल्या काकूंना ही गोष्ट कोणी सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण ठिपके मोजता येतात आणि कमळ मोजता येत नाही.

मोबाईलच्या पडद्याचा सगळा इतिहास या एका वाक्यात आटोपता आला असता, पण मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि पेशाने बँकेतला कारकून. आकडा दिसला की त्याच्या बाजूला पेन्सिलीने बरोबरची खूण केल्याशिवाय पुढे सरकायचे नाही, हे आमच्या हाडात मुरलेले. शाखेत कोणी नवा फोन घ्यायचा म्हटला की दोन फोनांचे तक्ते माझ्या टेबलावर येतात. जणू दोन पक्षांचे ताळेबंद. ‘‘साहेब, याचा डिस्प्ले ४०५ पीपीआय, त्याचा २७०. सांगा कोणता घेऊ?’’ विचारणाऱ्याला पीपीआय म्हणजे काय ते ठाऊक नसते. पण २७० पेक्षा ४०५ मोठा, हे त्याला ठाऊक असते. आणि जगातल्या सगळ्या जाहिराती एवढ्याच ज्ञानावर चालतात.

हा आजार जुना आहे. त्याची मुळे शोधायला अमरावतीहून सोयीचे गाव नाही. कारण सिनेमाधंद्याच्या नकाशावर अजूनही ‘सीपी-बेरार’ नावाचा मुलूख आहे. मध्यप्रांत-वऱ्हाड १९५० साली मध्य प्रदेश झाला, १९५६ साली आम्ही मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात. पण फिल्मवाल्या वितरकांनी यातले काहीही मान्य केलेले नाही. त्यांच्या लेखी आम्ही बेरारच, आणि त्या मुलखाच्या वितरणाच्या कचेऱ्या अमरावतीत. तेव्हा पडदा या वस्तूशी या गावाचा संबंध तसा घरोब्याचा.

त्या पडद्यावरची पहिली आकड्यांची लढाई म्हणजे सत्तर एमएम. १९५९ साली ‘कागज के फूल’ने सिनेमास्कोप आणला, १९६७ साली ‘अराउंड द वर्ल्ड’ सत्तर एमएममध्ये आला, पण हा आकडा लोकांच्या तोंडी बसवला तो १९७५ च्या ‘शोले’ने. वास्तविक ‘शोले’चे चित्रीकरण पस्तीस एमएमवरच झाले होते. नंतर ते ‘फुगवून’ सत्तरवर नेले गेले, आणि तशी प्रत दाखवू शकणारी थेटरे देशात मोजकीच होती. बाकीच्या गावांनी तो पस्तीस एमएमवरच पाहिला. पण आमच्या आधीच्या पिढीतला एकही माणूस हे कबूल करणार नाही. गब्बर कसा दिसला विचारा, ‘‘सत्तर एमएम होता राजेहो!’’ हेच उत्तर येईल. आणि ज्याने सर्वांत स्वस्त तिकीट काढले, तो पडद्याच्या सर्वांत जवळ बसला, म्हणजे त्याला गब्बर सर्वांत मोठा दिसला. बाल्कनीवाल्याने जास्त पैसे देऊन लहान गब्बर पाहिला. डोळ्यापासूनचे अंतर आकड्याहून मोठे असते, हा नेत्रशास्त्राचा सिद्धांत थर्ड क्लासवाल्यांनी पंचाहत्तर सालीच सिद्ध करून ठेवला होता.

मग टीव्ही आला. मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ ला आला, वऱ्हाडात यथावकाश. १९८२ च्या पंधरा ऑगस्टला दिल्लीहून रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि नोव्हेंबरातल्या एशियाडने देशभर रंगीत सेटची भूक लावली. ज्यांची भूक मोठी आणि पगार लहान, त्यांच्यासाठी बाजारात एक अजब वस्तू मिळे. कृष्णधवल पडद्यावर बसवायचा तीन रंगांचा प्लास्टिकचा कागद! वर निळा, मध्ये तांबूस, खाली हिरवा. क्रिकेटची मॅच असली म्हणजे हिशेब बरोबर जुळे : वर आभाळ, मध्ये गावसकर, खाली गवत. पण सातच्या बातम्या लागल्या की बातम्या देणाऱ्या बाईंचे कपाळ निळे आणि हनुवटी हिरवी. तरीही ज्याच्या घरी तो कागद, त्याचा टीव्ही ‘रंगीत’. १९८७ च्या जानेवारीत ‘रामायण’ सुरू झाले तेव्हा चाळीतली निम्मी माणसे या असल्या पडद्यासमोर चपला बाहेर काढून, हात जोडून बसलेली मी लहानपणी पाहिली आहेत. सहाशे पंचवीस ओळींचे चित्र, त्यावर मुंग्या, गच्चीवर अँटेना फिरवणारा एक पोट्टा आणि खालून ‘‘दिसलं! नाई, गेलं!’’ असा घोष. पडद्याची प्रत त्याहून वाईट असू शकत नाही आणि पाहणाऱ्याचे लक्ष त्याहून चांगले असू शकत नाही.

या इतिहासात नव्वदच्या दशकातले एक प्रकरण फार मोलाचे आहे. तेव्हाच्या टेपरेकॉर्डरवर ‘पीएमपीओ’ नावाचा आकडा चिकटवलेला असे. हाताएवढा टेप, दोन पेन्सिल सेल घातले तरी गाणारा, आणि वर लिहिलेले एक हजार वॅट, दोन हजार वॅट! घरातला पंखा सत्तर-ऐंशी वॅटचा. म्हणजे त्या टेपने एक कुमार सानू गायला की पंचवीस पंखे बंद पडायला पाहिजेत. पण पडत नसत. कारण तो आकडा आवाज एका क्षणाच्या तुकड्यापुरता किती उसळी मारू शकेल, याचा कारखानदाराने केलेला नवस होता. त्याला प्रमाण नव्हते, मोजायची ठरलेली रीत नव्हती. खरा आकडा आरएमएस, तो पाच-दहा वॅट निघे आणि तो डब्यावर कोणी छापत नसे. हे पीएमपीओ नाव लक्षात ठेवा. ते पुढे वेष पालटून परत येणार आहे.

मोबाईल भारतात बोलला तो ३१ जुलै १९९५ ला. कलकत्त्याहून ज्योती बसू बोलले, दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांनी ऐकले. दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला ‘पडदा किती इंची’ असे विचारल्याची नोंद नाही. विचारायची सोयही नव्हती, कारण मिनिटाला ८ रुपये ४० पैसे पडत आणि गर्दीच्या वेळी त्याच्या दुप्पट. शिवाय आलेल्या फोनचेही पैसे. लोक तेव्हा फोन वाजल्यावर नंबर पाहत आणि घराबाहेर पडून समोरच्या एसटीडी बूथवरून उलटा फोन लावत. २००३ साली इनकमिंग फुकट झाले तेव्हा कुठे माणूस ‘हॅलो’ शब्द पूर्ण म्हणू लागला.

त्याच वर्षी नोकियाचा ११०० आला. पडदा ९६ गुणिले ६५, म्हणजे एकूण ६,२४० ठिपके. आजच्या साध्या फोनच्या एका अक्षरात त्यातले बरेच खर्ची पडतील. पण हे यंत्र जगात पंचवीस कोटींहून जास्त खपले. का खपले? त्याला धूळ शिरू नये असा रबरी कीपॅड होता, आणि डोक्यावर टॉर्च होता. ती वर्षे आमच्याकडे भारनियमनाची. रात्री ओलिताची पाळी आली की शेतकरी त्या टॉर्चवर मोटर सुरू करी, पायाखाली जनावर आहे का ते पाही. त्या फोनचा खरा डिस्प्ले पुढे नव्हता, वरच्या टोकाला होता. ठिपका एकच, पण साप दिसे.

आता येतो २०१० चा जून महिना. ठिपक्यांचे पानिपत म्हणतात ते हेच. २००७ च्या पहिल्या आयफोनला इंचात १६३ ठिपके होते. ७ जूनला स्टीव्ह जॉब्ज यांनी चौथा आयफोन दाखवला, त्यात ३२६. नुसते ठिपके वाढवले असते तर कोणी हू की चू केले नसते. पण त्यांनी सांगितले, की फोन दहा-बारा इंचांवर धरला तर इंचाला तीनशेच्या आसपास ठिपक्यांनंतर माणसाच्या डोळ्याला ठिपका वेगळा दिसतच नाही. आणि नाव दिले ‘रेटिना’. म्हणजे प्रकरण आता दुकानाचे राहिले नाही, डोळ्याच्या डॉक्टरचे झाले.

लगेच रेमंड सोनीरा नावाचे पडद्यांचे एक तज्ज्ञ उभे राहिले. त्यांनी हिशेब मांडला की बारा इंचांवरून खरोखर तीक्ष्ण डोळ्याला हरवायचे तर ४७७ ठिपके पाहिजेत, ३२६ मध्ये भागत नाही. त्यावर फिल प्लेट नावाचे खगोलशास्त्रज्ञ, हबल दुर्बिणीच्या कामातून तयार झालेले, म्हणाले की सोनीरांचा हिशेब अगदी लाखात एक डोळ्याचा आहे. सर्वसाधारण डोळ्याला जॉब्ज यांचा आकडा पुरतो. तारे मोजणारा मनुष्य फोनच्या भांडणात पंच! आमच्याकडे असे भांडण झाले असते तर अंबादेवीच्या पायरीवर शपथ घ्यायला लावून मिटवले असते.

दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. १८६२ साली हरमान स्नेलेन नावाच्या डच डॉक्टरने तो डोळे तपासायचा तक्ता काढला, वर मोठे अक्षर आणि खाली बारीक बारीक. त्यात चांगल्या डोळ्याची कसोटी धरली ती अंशाच्या साठाव्या भागाएवढी रेघ ओळखण्याची. एवढे एक परिमाण हाताशी असले म्हणजे बाकीचे त्रैराशिक आहे. ते मी रोखपालाच्या काउंटरवर गर्दी ओसरल्यावर पावतीच्या पाठीमागे सोडवले. फोन ३० सेंटिमीटरवर धरला तर डोळ्याला पुरतात इंचाला सुमारे २९० ठिपके. जॉब्ज यांचा आकडा आला. डोळा दीडपट तीक्ष्ण धरला की सोनीरांच्या आकड्याच्या वाटेला लागतो.

पण यात एक कलम दोघांनीही घेतलेले नाही, आणि ते मराठी भाषेने फार पूर्वी घेऊन ठेवले आहे. ते कलम म्हणजे चाळिशी. आपल्या भाषेत वयाला आणि चष्म्याला एकच शब्द आहे, यावरून पूर्वजांचे निरीक्षण किती पक्के होते ते दिसते. मी चाळिशीतला. चष्मा खिशात असतो, म्हणजे डोळ्यांवर नसतो. चष्मा नसताना मला अक्षर लागते ते हात लांब केल्यावर. फोन ४५ सेंटिमीटरवर जातो. त्या अंतरावर त्रैराशिक काय सांगते? इंचाला १९५ ठिपके पुरे! म्हणजे वय वाढते तसा हात लांबतो, हात लांबतो तशी ठिपक्यांची गरज घटते, आणि नेमक्या याच वयात माणसाच्या हाती महागडा फोन घ्यायचे पैसे येतात. ज्या पोराला ४०५ ठिपके दिसतात त्याच्या खिशात २७० वाल्याचेही पैसे नसतात. निसर्गाची आणि पतपुरवठ्याची अशी चुकामूक मी दुसऱ्या कुठल्या खात्यात पाहिलेली नाही.

हे ४०५ आणि २७० कुठून येतात तेही सांगून टाकतो. पडदा साडेसहा इंची, ठिपके १०८० गुणिले २४००. पायथागोरसने सांगितल्याप्रमाणे दोघांचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ : २६३२. भागिले साडेसहा, आले ४०५. ७२० गुणिले १६०० घेतले तर २७०. एकूण ठिपके पहिल्यात २५ लाख ९२ हजार, दुसऱ्यात ११ लाख ५२ हजार, म्हणजे सव्वादोन पट. हातावर तीस सेंटिमीटरला पंचविशीतल्या डोळ्याला यातला फरक बारीक अक्षरांच्या कडांवर लागतो, नाही असे नाही. पण त्यापुढची मजल म्हणजे शुद्ध हौस. सोनीने २०१५ साली एक्सपीरिया झेड-५ प्रीमियम काढला, साडेपाच इंचांत ८२ लाख ९४ हजार ४०० ठिपके, इंचाला ८०६! आणि तोच फोन रोजच्या कामाला मात्र कमी ठिपक्यांचे चित्र काढी. पुरे ठिपके फक्त फोटो आणि व्हिडिओसाठी. लग्नातला चांदीचा डबा जसा फक्त पाहुणे आल्यावर निघतो, तसे.

मधल्या काळात सॅमसंगची तऱ्हा निराळी होती. त्यांचे पडदे अमोलेड, काळा रंग खरोखर काळा. पण २०१० च्या गॅलेक्सी एसमध्ये त्यांनी ठिपक्यांची एक हुशारी केली, तिचे नाव पेनटाइल. रांगोळीच्या भाषेत सांगायचे तर हिरवा रंग प्रत्येक ठिपक्यात, लाल आणि निळा मात्र एक सोडून एक ठिपक्यात, शेजाऱ्याकडून उसना. मोजणीत ठिपके पूर्ण, रंगाचा माल दोन-तृतीयांश. विरोधकांनी त्यावर रान उठवले, आयफोनवाल्यांनी तर हसून घेतले. पुढे २०१७ साली आयफोन टेनला अमोलेडच्या जातीचाच पडदा पाहिजे झाला, तेव्हा तो पुरवला कोणी? सॅमसंगने! दोन मिठाईवाले आमच्या पेढ्याशी तुलना करून पाहा म्हणून पाट्या लावतात आणि दोघांचा खवा एकाच गवळ्याकडून येतो, तसला हा मामला. भांडण गिऱ्हाइकांनी करायचे.

इंचांचेही असेच. पडदा कर्णाने मोजतात. आमच्या खातेदारांपैकी एकाही शेतकऱ्याला हे पटवून देता आलेले नाही. ‘‘कायले? वावर कोनी कोन्यातून कोन्यात मोजते का?’’ सात-बाऱ्यावर क्षेत्राऐवजी कर्ण लिहिला तर तलाठ्याला गावात राहता येणार नाही. जुना साडेपाच इंची फोन, १६ बाय ९ आकाराचा, त्याचे क्षेत्र सुमारे १२.९ चौरस इंच. नवा सहा इंची, २० बाय ९, लांबुळका : १३.५ चौरस इंच. अर्धा इंच वाढला म्हणून वाजतगाजत आणला. पीक वाढले चार टक्के, आणि रुंदी पाव इंचाने कमीच झाली. पाटाच्या कडेचा पट्टा गळ्यात मारणारे दलाल असेच मोजतात.

हर्ट्झबद्दल थोडक्यात. सेकंदाला साठऐवजी एकशे वीस वेळा पडदा नवा होतो, बोटाने यादी सरकवताना ते गुळगुळीत वाटते, हे खरे. पण सिनेमा शंभर वर्षे होत आली तरी सेकंदाला चोवीसच चित्रांवर चालला आहे. कॉमर्सवाल्याला त्यात आवडण्यासारखी एकच गोष्ट : चोवीसने एकशे विसाला निःशेष भाग जातो, साठाला जात नाही.

या सगळ्या आकड्यांत वऱ्हाडच्या माणसाने खरोखर पाहावा असा एकच आकडा आहे आणि तो तक्त्यात सर्वांत खोटारडा आहे. तो म्हणजे निट. उजेडाचे माप. चौरस मीटरमधून एक मेणबत्ती म्हणावे इतका उजेड, म्हणजे ढोबळमानाने एक निट. घरात दोनशे निट पुष्कळ झाले. पण अमरावतीच्या मे महिन्यात दुपारी बारा वाजता सूर्य लाखाच्या घरात लक्स ओतत असतो, काच त्यातला चार-पाच टक्के तोंडावर परत फेकते, आणि पडद्यावर आपल्याला फक्त आपलाच घामेजलेला चेहरा दिसतो. इथे ठिपके चारशे असोत की चार हजार, उजेड कमी तर सगळे काळे. म्हणून कंपन्या आता निट सांगतात. हजार, दोन हजार. वनप्लसच्या बाराव्या फोनने तर साडेचार हजार सांगितले. पण त्या आकड्याआधी ‘पीक’ हा शब्द असतो. म्हणजे काही ठरावीक व्हिडिओत, पडद्याच्या लहानशा भागावर, थोडा वेळ. उन्हात पूर्ण पडदा किती उजळतो तो आकडा निराळा, त्या साडेचार हजारवाल्याचाच सोळाशे. ओळखलेत ना? आपला जुना पीएमपीओ! टेपरेकॉर्डर सोडून फोनमध्ये राहायला आला आहे.

आणखी एक ओळ आहे, तक्त्याच्या अगदी तळाशी. ॲपलने आपल्या फोनला वापरासाठी हवा किती चालते ते लिहून दिले आहे : शून्य ते ३५ अंश. पस्तीस! आमच्याकडे पस्तीस अंश झाले की लोक ‘गारवा पडला’ म्हणून कुलर बंद करतात. यंत्र तापले की स्वतःला वाचवायला उजेड कमी करते, आणि हे बहुतेक सगळ्याच फोनांचे आहे. म्हणजे ज्या दुपारी उजेड पाहिजे त्याच दुपारी तो रजेवर.

गेल्या मेमध्ये नांदगाव खंडेश्वरकडचे एक दादाजी, आमचे जुने खातेदार, फोन घ्यायला आले आणि मला जेवणाच्या सुटीत दुकानात ओढून घेऊन गेले. कापसाचे पैसे जमा झालेले, पंधरा हजार खर्चायची तयारी. दुकानदाराने दोन फोन ट्यूबलाइटखाली शेजारी शेजारी मांडले. ‘‘हा पाहा दादाजी, ४०५ पीपीआय. अन् हा २७०. फरक दिसते ना?’’ दोन्हीवर तोच पोपट. दादाजी पोपटाकडे पाहत राहिले. म्हणाले, ‘‘पोपट तं चांगला हाय. पन मले मेसेज वाचाचा हाय.’’

मी विचारले, कोणता मेसेज?

‘‘तुमच्याच बँकेचा. वावरात असलो का वाजते. उन्हात काई दिसत नाई. मंग शेजारच्या पोट्ट्याले म्हन्तो, वाच रे बाप्पा. तो वाचते. अन् संध्याकाळलोक साऱ्या गावाले मालूम पडते माह्या खात्यात किती हाय ते. मांगच्या हप्त्यात दोघं जन उसने मांगाले आले. एक तं बरोबर आकडा धरूनच आला!’’

मी जरा चपापलो. खातेदाराची शिल्लक परक्याला सांगायची नाही, ही आमच्या धंद्याची पहिली शिकवण. त्यासाठी आम्ही पासबुक उघडे ठेवत नाही, फोनवर कोणाला आकडा सांगत नाही, पासवर्ड तीन महिन्यांनी बदलतो आणि विसरतो. आणि एवढी सगळी गुप्तता धुऱ्यावर उभे राहून एक पोट्टा मोठ्याने वाचत होता. त्यातून एखाद दिवशी ओटीपी आला तर तोही त्यानेच वाचायचा. दोन फोनांतला फरक पोपटाचा नव्हता.

दुकानदाराची परवानगी काढून आम्ही दोन्ही फोन रस्त्यावर आणले. बडनेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला दुपारी एकला सावली मिळत नाही, त्यामुळे प्रयोगशाळा उत्तम. उजेड दोन्हींचा पुरा चढवला. ४०५ वाला काळाठिक्कर, पोपट उडून गेला. २७० वाल्याच्या डब्यावर उन्हातले निट जवळजवळ दुप्पट होते. त्यावर पोपट फिकट, पण होता. दादाजींनी टोपी पुढे ओढून, हात लांब करून मी पाठवलेला मेसेज वाचायला घेतला. तो मी मुद्दाम मराठीत धाडला होता.

कारण मराठी दिसणे ही अजून एक निराळी कथा आहे. रोमन लिपीला एक मजला पुरतो. आपल्या अक्षराला वर मात्रा, वेलांटी, रफार, खाली उकार, ऱ्हस्व-दीर्घाची शेपटी असे तीन मजले. जुन्या पडद्यांवर ‘राष्ट्रीय’ शब्द म्हणजे शाईचा डाग दिसे. ठिपके वाढल्याचा खरा लाभ कोणाला झाला असेल तर तो जोडाक्षरांना, आणि जाहिरातीत ते कधी आले नाही. बरेच फोन तर ठिपके असूनही मराठीच्या जागी चौकोन दाखवत. पडदा सोन्याचा आणि आत लिपीच नाही. अँड्रॉइडमध्ये देवनागरी धड दिसू लागली ती २०११ च्या अखेरीस निघालेल्या चौथ्या आवृत्तीपासून. शेवटी २०१६ साली केंद्र सरकारला फर्मान काढावे लागले, की भारतात विकायच्या फोनवर बावीसही भाषा वाचता आल्या पाहिजेत. तुलनेच्या इतक्या तक्त्यांत ‘मराठी नीट दिसते काय’ असा रकाना मी आजतागायत पाहिलेला नाही.

दादाजींना मेसेज वाचता आला. एकेक शब्द लावत, पण स्वतः. सौदा झाला, वर दोन हजार वाचले. दुकानदार मला जरा खट्टू दिसला. चारशे पाचवाला त्याला खपवायचा होता.

जाता जाता दादाजींनी चहा पाजला. टपरीवाल्याकडे भला थोरला फोन होता, नव्यातला, पण तो किटलीच्या बाजूला फडक्याखाली पालथा पडलेला. लोक कागदावरच्या चौकोनी नक्षीचा फोटो काढून पैसे देत होते आणि काउंटरवरची एक लहान डबी दर वेळी बोलत होती : इतके रुपये मिळाले, तितके रुपये मिळाले. २०१९ पासून ही डबी बाजारात आली आणि बघता बघता टपरीटपरीवर बसली. हात दुधाचे, ऊन कपाळात, पडदा कोण पाहणार? कानांनी हिशेब चालतो.

दादाजी दोन कप होईपर्यंत ती डबी ऐकत राहिले. वीस रुपये. दहा रुपये. चाळीस रुपये. मग त्यांनी नवा फोन बंडीच्या आतल्या खिशात खोल सारला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, ‘‘साहेब, हे यंत्र माह्या खात्याले नका बसवजा बरं. हे तं त्या पोट्ट्याच्याहून बेकार हाय.’’